साडेचार व्होल्ट

१

नळ सातला यायचा. सव्वासातला मालूबाई हौदावरची मोटर लावायची, चहा टाकायची, आणि पावणेआठच्या सुमारास, दुसरी कपबशी संपत आली की फडताळावरचा डबा बोलायचा.

“आजी, टाकी भरली हो! मोटर बंद करा जल्दी, पाणी चाललं रस्त्यावर!”

मग पोरगी खुदकन हसायची. मग आवाज भरायचं बटण सुटल्याचा ‘टक्’ असा आवाज. सगळं मिळून दहा सेकंद. तेवढाच आवाज मावतो त्या चिपेत, एक सेकंद जास्ती नाही. मालूबाई ते टक् ऐकल्याशिवाय मोटर बंद करायची नाही. तोवर गच्चीवरून पाणी ओघळायचं आणि शेजारचा गिरधर रिक्षावाला खालून बोंबलायचा, “मालूबाई, माझी सीट भिजली ना वं!”

“भिजू दे. सवारी थंड बसंल!”

डब्यात काही जादू नव्हती. टाकीत दोन तारा सोडलेल्या. पाणी दोन्ही तारांना लागलं की इवलीशी वीज वाहते, ती ट्रान्झिस्टरला जागं करते, आणि तो चिपेला म्हणतो, बोल. वीज तरी किती? तीन पेन्सिल सेलांची. साडेचार व्होल्ट. त्यात मुंगीसुद्धा मरायची नाही. मालूबाई सातवी पास. नवऱ्याच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, तो जेवायला गेला की मेलेले रेडिओ उघडून, बोटं भाजून घेत ती हे शिकली. वामनराव गेल्यावर दुकान गेलं, विद्या राहिली. बुऱ्हाणपुराच्या लालबागातली, सिंधीपुऱ्यातली हौशी पोरं-पोरी दुपारी तिच्या ओट्यावर जमायची. कुणी पुठ्ठ्याच्या कंदिलात दिवे बसवायचं, कुणी घंटी करायचं, कुणी टाकीचा डबा. आणि प्रत्येकाला तिचा एकच नियम: सर्किट जोडून झालं की बोट ओलं करायचं आणि दोन्ही तारांना लावायचं. डबा बोलला तर काम फत्ते.

“मीटर खोटं बोलंल,” ती म्हणायची, “बोट नही बोलत.”

डब्यातला आवाज निशाचा. सिंधीपुऱ्यातली, एकोणीस वर्षांची, मालूबाईची सगळ्यात हुशार शिष्या. जानेवारीत तिनं ह्याच स्वयंपाकघरात, ह्याच फडताळापाशी उभं राहून तो आवाज भरला होता. मार्चमध्ये ती गेली. गल्लीतल्या बायकांनी सांगून पाहिलं, मालूबाई, मेलेल्या माणसाचा आवाज घरात ठेवू नाही, पुसून टाका. मालूबाईनं कुणाला भीक घातली नाही.

मे महिन्याच्या एका मंगळवारी डबा बोलला. निशा हसली. मालूबाई बटणावर बोट ठेवून उभी राहिली.

टक् आलंच नाही.

२

निशा कशी गेली ते सगळ्या बुऱ्हाणपुराला माहीत होतं, आणि जे माहीत होतं ते खोटं होतं.

सिंधीपुऱ्यात भूपेंद्र नावाचा गृहस्थ ‘हुनर मंडळ’ चालवायचा. पस्तिशीचा, केसांना जेल, हातात सदा मोबाइल. रविवारी त्याच्याकडे पोरं जमायची, बोर्ड, मोटरी, गोंद, रंगीत कागद घेऊन. आणि जे काही बनेल त्याचा तो व्हिडिओ टाकायचा. फेब्रुवारीपासून निशा तिकडे जायला लागली. जाताना मालूबाईची वही घेऊन गेली. त्या वहीत भिंतीच्या विजेवर चालणाऱ्या डब्याची आकृती होती. ज्यांना सेल बदलायचा कंटाळा, त्यांच्यासाठी. त्यात ट्रान्सफॉर्मर होता. ट्रान्सफॉर्मर म्हणजे काळं, बोजड, अडाणी दिसणारं धूड. पण ते मध्ये असलं की भिंतीतली वीज पाण्यापर्यंत पोचत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं: दिसायला नको वाटतं, पण दारात तेच बसलेलं असतं.

भूपेंद्रला डबा देखणा हवा होता. तळहातावर मावणारा. त्यानं ट्रान्सफॉर्मर काढला आणि एका कपॅसिटरवर भागवलं. डबा इवला झाला, सुरेख बोलायलाही लागला. फक्त टाकीतलं पाणी आता सरळ भिंतीतल्या दोनशे तीस व्होल्टांना जोडलेलं होतं.

निशानं तो आपल्या घरच्या टाकीवर बसवला. लोखंडी शिडीवर अनवाणी चढली, बोट ओलं केलं आणि तारांना लावलं. आजीनं शिकवलं तसं.

तेराव्याला भूपेंद्र उभा राहिला, हात जोडून, पडलेल्या आवाजात. “डिझाइन मालूबाईंचं होतं. मी तर फक्त बाहेरचा डबा बनवला. आणि हे बोट लावून बघायचं, तेही त्यांनीच शिकवलेलं. आता सत्तरी आली बाईंची. उमर का असर है, होतं असं. त्यांना कुणी दोष देऊ नका.”

दोष देऊ नका म्हणून दोष देणारा हा माणूस! जळका डबा त्यानं ‘तपासायला’ म्हणून पहिल्याच दिवशी उचलून नेला होता. त्या डब्याचा टाकलेला व्हिडिओही पुसला होता. पण मालूबाईनं तो पुसायच्या आधी पाहिला होता. त्यात तो डबा दोन बोटांच्या चिमटीत धरून नाचवत होता. ट्रान्सफॉर्मर असलेला डबा चिमटीत धरता येत नाही. हे तिला कळत होतं, आणि तिचं ऐकायला कुणी उरलं नव्हतं. ओटा ओस पडला. निशाची आई रश्मी बाजारात समोर आली तर पदर ओढून घ्यायची.

मालूबाईला दुसरं काही नको होतं. भूपेंद्रनं रश्मीसमोर, चार लोकांसमोर, स्वतःच्या तोंडानं म्हणावं: ट्रान्सफॉर्मर मी काढला. एवढंच. ती सकाळी ह्या वाक्यानं उठायची आणि रात्री ह्याच वाक्यावर डोळा लागायचा. देवापुढे बसली तरी ओठावर तेच. त्याच्या तोंडून वदव. मग त्याचं काय करायचं ते कर.

कोण ऐकत होतं, ते तिनं पाहिलं नव्हतं.

३

टक् आलं नाही तेव्हा मालूबाई घाबरली नाही. तिनं डबा उतरवला.

सेल मीटरनं मोजले: ठीक. चिपेचा वेग ठरवणारा रेझिस्टर असतो, तो सरकला की आवाज लांबतो. पण मग आवाज जाडही होतो, बैल हंबरल्यासारखा. निशाचा आवाज तर होता तसाच होता, पातळ, घाईतला. तरी तिनं रेझिस्टर बदलला. पुढच्या पाण्याला, गुरुवारी, घड्याळ घेऊन बसली.

अकरा सेकंद. हसणं, आणि त्यानंतर काहीतरी धातूवर पडल्यासारखं. ठण्.

शनिवारी बारा. ठण्, ठण्.

पाणी दिवसाआड यायचं, आणि दर पाण्याला एक ठण् वाढत होतं. त्या आवाजामागे, दूर, आणखी काहीतरी होतं. खटाखट, खटाखट, न थांबणारं. मालूबाईनं खिडकी लावली, पंखा बंद केला, डब्याला कान लावला. यंत्रमाग. सिंधीपुऱ्यात घराघराला ऐकू येतात तसे. लालबागच्या तिच्या गल्लीत एकही माग नव्हता, आणि आवाज भरला होता तो ह्या स्वयंपाकघरात.

‘बाजूचा आवाज तारेत शिरत असंल,’ तिनं स्वतःला सांगितलं. ‘लांब तार म्हणजे एरियलच की. वामनराव म्हणायचे, टीनाच्या पत्र्यावर पण रेडिओ वाजतो.’ तिनं टाकीची तार काढून हातभर तार लावली, आणि तिची टोकं वाटीभर पाण्यात बुडवली.

“आजी, टाकी भरली हो!” वाटीतल्या पाण्यावर डबा म्हणाला. हसला. ठण्, ठण्, ठण्, ठण्, ठण्.

आता तिला ओळखता आलं. लोखंडी शिडीवर अनवाणी पाय असाच वाजतो. टाच आधी, मग चवडा.

सातव्या पायरीनंतर ठण् वाढलं नाही. तिथं वाऱ्याचा आवाज होता आणि पाण्याचा. आणि मग, अगदी जवळ, मोबाइल तोंडापुढे धरून बोलावं तसा, एक पुरुष.

“अरे डरना क्या! आजीची टेस्ट हीच ना? लाव बोट. चल, व्हिडिओ चालू आहे.”

मग एक गुणगुण. ट्रान्सफॉर्मरची नव्हे, तिच्या कानाला तो फरक झोपेतही कळला असता. उघड्या विजेची. मग टक्.

तर तो तिथं होता. शिडीखाली उभा होता. आणि लोकांना सांगितलं काय, तर खबर ऐकून धावत आलो!

मालूबाई फडताळाला धरून उभी राहिली. हौदाची मोटर तशीच चालू होती. रस्त्यावर पाणी वाहत होतं. कित्येक दिवसांनी तिला भूक लागली.

४

रश्मीला आणायला तीन हेलपाटे पडले. शेवटी मालूबाई तिच्या दारात मांडी घालूनच बसली, “येशील तेव्हाच उठते,” म्हणून. गिरधरच्या रिक्षात दोघी शेजारी बसून आल्या, मध्ये हातभर जागा सोडून.

मालूबाईनं वाटीत पाणी घेतलं. तारा बुडवल्या.

“आजी, टाकी भरली हो! मोटर बंद करा जल्दी, पाणी चाललं रस्त्यावर!” हसणं. टक्.

दहा सेकंद. घड्याळ समोर होतं.

“थांब,” मालूबाई म्हणाली. “थांब रश्मी, पुढं आहे. पुढं भूपेंद्र बोलते.” पुन्हा बुडवल्या. दहा सेकंद. पुन्हा. दहा.

चौथ्यांदा रश्मीनं तिचा हात धरला. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कोरडा.

“मावशी, माझी पोरगी गेली. आणि तुम्ही तिला अजून पाणी भरायला लावताय?”

“तसं नही वं माय...”

“मी रागवायची थांबले होते. वाटलं, म्हाताऱ्या आहेत, चूक झाली असेल. पण तुम्ही दुसऱ्याच्या माथी मारायला तिचा आवाज वाजवून दाखवताय. भूपेंद्रभाऊंनी तेरा दिवस घरात पाणी भरलं आमच्या. तुम्ही कुठं होता?”

मालूबाईला उत्तर होतं. कुठं होती? पहिल्या दिवशी तुझ्याच दिरानं दारातून परत पाठवलेलं, तेव्हापासून घरात. पण ते तिच्या तोंडून निघालं नाही, कारण आयुष्यात तिनं कुणाला सफाई दिलेली नव्हती.

रश्मी गेली. रिक्षाचा आवाज वळणावर मिटला. तारा वाटीबाहेर कोरड्या पडल्या होत्या. मालूबाईची त्यांच्याकडे पाठ होती.

“आजी, टाकी भरली हो!”

ती वळली. हसणं. सात पायऱ्या. भूपेंद्र. गुणगुण. आणि ह्या वेळी गुणगुणीच्या पलीकडे एक दार वाजलं, कडी हलली, आणि एक बाई बोलली. खरखरीत, ठसक्यात.

“ज्यानं शिकवलं त्यालेच दाखव ना. मी हात बी लावणार नही.”

स्वतःचा आवाज माणसाला लवकर ओळखू येत नाही. तिला आला.

ती दुपार. होळीच्या आधीची. निशा दारात उभी होती, ओढणीत गुंडाळलेला नवा डबा दोन्ही हातांत धरून. “आजी, एकदा बघता का? बसवायच्या आधी. तुम्ही बघितल्याशिवाय मला धीर होत नाही.” आणि मालूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तीन आठवडे पोरीनं तोंड दाखवलं नव्हतं. तिनं डबा पाहिलासुद्धा नाही. हातात घेतला असता तर वजनानंच कळलं असतं. एका क्षणाचं काम होतं.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ती आणि निशा, दोघींनाच माहीत होतं.

“आजी...” डबा म्हणाला.

आणि गप्प झाला. चालू होता, स्पीकरची बारीक सळसळ येत होती. विचारून झाल्यावर माणूस उत्तरासाठी थांबतं तसा तो थांबला होता.

मालूबाईनं तिन्ही सेल उपटून काढले. सळसळ थांबायला हवी तेव्हा थांबली नाही. जरा उशिरा थांबली.

५

चार दिवस मालूबाई डब्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली.

“हे बघ पोरी. माझं मी बघीन. माझं मन मले खाते, तेवढं पुरे. ते चारचौघात काढायचं काम नही. आधी त्याचं.”

डब्यात सेल नव्हते. त्यानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

हुनर मंडळाचं प्रदर्शन महिन्याच्या शेवटच्या रविवारी होतं, एका शाळेच्या हॉलमध्ये, सकाळी अकराला. मालूबाईनं मासे ठेवायची काचेची पेटी आणली. तिच्या काठाला दोन तारा बसवल्या, नव्यानं कथील लावून, स्वच्छ, पाण्यापासून केसभर वर; हात बुडाला की पाणी चढून त्यांना लागायचं. डबा बाहेर, उघडा, सगळ्यांना दिसेल असा. आत फक्त चिप, ट्रान्झिस्टर आणि तीन पेन्सिल सेल. भिंतीची पिन नाही, लांब वायर नाही. तान्ह्या पोराच्या हातात द्यावा इतका निरुपद्रवी. तिनं स्वतः दहा वेळा हात घालून पाहिला. दहाही वेळा दहा सेकंद.

हेच हवं होतं. ह्या पाण्यात सगळे हात घालतील. जो घालणार नाही, त्याला विचारता येईल, का रे बाबा? तुले काहाची भीती?

गिरधरनं पेटी रिक्षात चढवली. “मालूबाई, मासे कुठी आहेत?”

“मासा तिथंच भेटंल.”

६

हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं होती. पुठ्ठ्याचे पंखे, केळीच्या खोडाच्या सोपटाचे दिवे, चाकांवर फिरणारी एक बाहुली. रश्मी पहिल्या रांगेत होती. मंडळानं निशाच्या नावाचं बक्षीस ठेवलं होतं ना. हो, भूपेंद्रनं. निशाच्या नावानं. मालूबाईनं ते कापडावर लिहिलेलं वाचलं आणि पेटी टेबलावर जरा जोरात ठेवली.

“अरे, मालूबाई!” भूपेंद्र लांबूनच हसत आला. “आओ आओ. किती बरं वाटलं! बघा मंडळी, ह्या वयात ही हिंमत.”

“हिंमत तुझी बघायला आले भाऊ. हे बघ, तीन सेल. साडेचार व्होल्ट. सगळ्यांनी हात घालून बघा, बोलते का नही.”

पोरं धावली. एकानं हात घातला, डबा बोलला. निशाचा आवाज हॉलमध्ये घुमला आणि गलबला थांबला. रश्मीनं डोळे मिटले. पण पोरं ती पोरंच. दुसऱ्यानं घातला, तिसरीनं घातला. टक्, टक्, टक्. शेवटी गिरधरनं कोपरापर्यंत बुडवून घेतला. “गार आहे,” तो म्हणाला.

“तू राहिला,” मालूबाई म्हणाली.

भूपेंद्रनं मोबाइल दुसऱ्या हातात घेतला. “अरे, माझं काय, मी तर...”

“डरना क्या?” मालूबाई म्हणाली. “लाव बोट. आजीची टेस्ट हीच ना?”

त्याचा चेहरा उतरला. शब्द न् शब्द त्याचा होता, आणि तो ऐकलेलं माणूस जगात उरलेलं नव्हतं. त्यानं सेलांकडे पाहिलं. एक, दोन, तीन मोजले, हे मालूबाईला दिसलं. साठ माणसं बघत होती. त्यानं बाही सारली आणि हात पाण्यात घातला.

डबा बोलला नाही.

दहा सेकंद गेली. भूपेंद्र हसायला गेला आणि त्यानं हात वर ओढला. हात वर आला नाही.

“छोड,” तो म्हणाला. कुणाला, ते कळलं नाही. त्यानं दुसऱ्या हातानं मनगट धरून ओढलं. टेबल हललं, पेटीतलं पाणी हललं नाही. मालूबाई काचेशी सर्वांत जवळ होती. तिला दिसलं तेवढं असं: त्याच्या मनगटाची कातडी चार जागी आत दबली होती. शेजारी शेजारी, बारीक. दाबणारं काहीच नव्हतं, फक्त पाणी.

मग स्पीकरमधून पावलं यायला लागली. ठण्. ठण्. ह्या वेळी सगळ्यांना ऐकू आली. माग. वारा. “अरे डरना क्या,” भूपेंद्रचा आवाज म्हणाला, आणि समोर भूपेंद्र ओरडला, “बंद करा! मी काढला! ट्रान्सफॉर्मर मी काढला, माझ्या हातानं! मी खाली उभा होतो, मीच म्हटलं लाव बोट! बाईंच्या वहीत बरोबर होतं! रश्मीभाभी, माफ करा, बंद करा हे!”

झालं. तिनं मागितलेलं सगळं, वर दोन वाक्यं जास्ती. मालूबाईनं पुढं होऊन तिन्ही सेल काढले आणि सगळ्यांना दिसतील असे टेबलावर ठेवले.

हात सुटला नाही. भूपेंद्रच्या ओठांचा रंग जात होता. रश्मी धावत आली आणि दोन्ही हात काचेला लावून म्हणाली, “सोड गं बाई त्याला. बोलला ना तो? सोड, निशा.”

“आजी...” सेल नसलेला डबा म्हणाला.

सळसळ. वाट बघणं.

“आजी...”

“अटकलंय ते,” गिरधर म्हणाला. “रेकॉर्डिंग अटकलं वाटते.”

अटकलं नव्हतं. तिला कळलं होतं, एकटीला. दुसरी पाळी तिची होती. एक वाक्य: ती माझ्याकडे घेऊन आली होती आणि मी बघितलं नाही. एवढं म्हटलं असतं की पाण्यातली बोटं उघडली असती. भूपेंद्र आता पोरासारखा रडत होता. त्याची नजर मालूबाईवर होती. तोंड उघडायला किती वेळ लागतो?

साठ माणसं तिच्याकडे बघत होती. दोन महिन्यांनी पहिल्यांदा, जशी आधी बघायची तशी.

मालूबाईनं खुर्ची ओढली आणि बसली. पदर सारखा केला.

“आजी...”

ती बसून राहिली.

७

डॉक्टर म्हणाले, भूपेंद्रचं हृदय बंद पडलं. साडेचार व्होल्टानं कुणी मरत नाही, आणि सेल तर बाहेरच होते, साठ साक्षीदार. ताणानं झालं असेल. लोक म्हणाले, पापानं झालं.

मालूबाईचा ओटा भरला. येणारी माणसं तिच्या पाया पडत. हुनर मंडळाची पोरं येऊन म्हणाली, आजी, आता तुम्हीच शिकवा. डबा तिनं उघडून तुकडे तुकडे केला. कथील उतरवलं, चिप हातोडीनं फोडली. फडताळावर आता काही नव्हतं. पाणी भरलं की टाकी मुकाट वाहायची.

एक गोष्ट होती, पण ती सांगण्यासारखी नव्हती. बादलीतलं पाणी एका बाजूला चढलेलं दिसायचं. ज्या बाजूला ती उभी, त्या बाजूला. लादीला उतार असेल. तिनं बादली फिरवली. मग स्वतः पलीकडे जाऊन उभी राहिली. पाणी सावकाश तिच्या मागे आलं. त्यानंतर ती अंघोळीचं पाणी भांडी घासायला येणाऱ्या बाईकडून अंगावर ओतून घ्यायची, डोळे मिटून. बादलीत हात घालायची नाही. पिण्यापुरतं दूध होतं, ताक होतं.

दहाव्या दिवशी रश्मीनं रिक्षा पाठवली. मालूबाई सिंधीपुऱ्यात गेली. दारात रश्मी तिच्या गळ्यात पडून रडली. भावकीतल्या बायका रांगेनं बसल्या होत्या, त्या उठल्या. दिरानं खुर्ची पुसून दिली. माग चालू होते, खटाखट, खटाखट.

“मी तुम्हाला काय काय बोलले मावशी,” रश्मी म्हणाली. “माझ्या पोरीचं एवढं तुम्हीच केलं. ती म्हणायची, आजीनं बघितलं की मला धीर येतो. त्या दिवशी तुमच्याकडे येऊन गेली असती तर... नाही का?”

सगळ्या बायका मान हलवत होत्या. मालूबाईचं तोंड कोरडं पडलं होतं. हा क्षण होता. निशासारखाच तोही दारात आला होता, हातात सगळं घेऊन, बघता का म्हणून.

“हाव,” मालूबाई म्हणाली. “आली असती तर.”

रश्मीनं डोळे पुसले आणि आत गेली. घरी आलेल्या माणसाला आधी पाणी. ते कुणी नको म्हणत नाही, आणि आज ह्या घरात, ह्या बायकांसमोर तर नाहीच. ती पितळी गडू घेऊन आली, काठोकाठ भरलेला, दोन्ही हातांत धरून.

“घ्या मावशी. वरच्या टाकीचंच आहे, माठात गार केलेलं. उन्हातून आलात.”

रश्मीचा हात स्थिर होता. गडू सरळ होता. पाणी मात्र मालूबाईच्या बाजूनं काठाच्या वर आलं होतं, चार बारीक बोटांसारखं, आणि सांडत नव्हतं.

बायका बघत होत्या. किती मानानं बघत होत्या.

मालूबाईनं पदर सावरला, ताठ बसली, आणि गडू घ्यायला हात पुढं केला.